पोचण्यापुरती गाडी

तांदळे बाईंना गाडीची आवड अशी नव्हतीच. कुणी कौतुकानं म्हणालं, "बाई, काय ठेवलीय तुमी गाडी," की किल्ली पर्समध्ये टाकत त्या म्हणायच्या, "मला गाडीची आवड न्हाई हो. मला पोचायची आवड हाय."

आणि त्या पोचायच्या. शिरूर कासारच्या पलीकडं एका वस्तीवरच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. मी आणि खाडे सर तिथंच शिक्षक. आम्ही तिघंही राहायला बीडला. एसटी वेळेवर आली तर यायची, नाहीतर फाट्यावर उभं राहून मिळेल त्या जीपला हात करायचा, अशी आमची वर्षं चालली होती. बाईंनी गाडी काढली तेव्हा आम्ही दोघं त्यात बसलो ते बसलोच. खाडे सरांचे पाय लांब, म्हणून ते पुढं. मी मागं, शेजारी तिघांचे डबे आणि तपासायचे पेपर.

गाडी मुळात बाईंची नव्हती, त्यांच्या यजमानांची होती. तांदळे साहेब कृषी खात्यात पर्यवेक्षक होते. हौशी माणूस. रविवारी गाडी धुवायची, बॉनेट उघडून इंजिनाशी बोलत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून आवाज ऐकवायचा. बाई तेव्हा त्यांना हसायच्या. मग एका सकाळी दाढी करता करता साहेबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला. दिवसभर साहेबांपाशी गयाबाई नावाची एक मावशी बसायची, पण संध्याकाळी सहाला तिला तिच्या घरच्या स्वयंपाकाला जावंच लागायचं. म्हणजे सहाच्या आत बाई दारात हव्यात. एसटीच्या भरवशावर ते होण्यासारखं नव्हतं. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या बाई गाडी शिकल्या.

शिकल्यावर त्या नगर नाक्याजवळच्या रफिकभाईंच्या गॅरेजात गेल्या. साहेबांची गाडी तिथंच असायची. रफिकभाईंना त्यांनी जे विचारलं ते रफिकभाई पुढं कित्येक वर्षं सगळ्यांना सांगायचे. "बाई आल्या अन म्हनल्या, ही बंद पडू न्हाई म्हनून काय काय करायचं तेवढं सांगा. कावून करायचं ते सांगू नका. तेवढी जागा न्हाई डोक्यात."

पुढं 'कावून', म्हणजे का करायचं, तेही त्यांना शिकावंच लागलं, पण सुरुवात ही अशी.

सकाळी आम्ही त्यांच्या फाटकापाशी जायचो तेव्हा बॉनेट उघडं असायचं. इंजिन थंड असतानाच बाई ऑइलची पट्टी उपसायच्या, जुन्या साडीच्या तुकड्यानं पुसायच्या, पुन्हा आत घालून काढायच्या आणि उजेडाकडं धरून बघायच्या. दोन खुणांच्या मधे ऑइल आहे ना, एवढंच. मग रेडिएटरच्या पाण्याची बाटली, मग चाकांवरून एक नजर. हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर ना कौतुक असायचं, ना कंटाळा. साहेबांचं अंग पुसताना असेल तसाच तो चेहरा असणार. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, पदर कमरेला खोचलेला. एखाद दिवशी खाडे सर म्हणायचे, "बाई, काल तर बघितलंय की." बाई म्हणायच्या, "काल कालचं बघितलं."

खाडे सरांना बोलायचा सोस होता. त्यांच्या मेव्हण्यानं मोठी डिझेल गाडी घेतली होती, तिच्या ताकदीच्या गोष्टी आम्ही रोज ऐकायचो. "बाई, तुमच्या गाडीला पिकअप कमी हाय," असं एकदा ते म्हणाले. बाईंनी समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं, "तीन सिलिंडर, हजार सीसी. तीन माणसं अन तीन डबे. त्याच्यापुढं तिला मागायचं न्हाई. आपुन मागितलं की ती देती, पन मग घरी जाऊन आजारी पडती." त्या कधी ओव्हरटेक करायच्या नाहीत असं नाही, पण उसाची ट्रॉली पुढं असली की मागं धीरानं चालायच्या. दिवाळीनंतर तर तो रस्ता ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्यांनीच भरायचा. कोयते, भांडी, शेळ्या, म्हाताऱ्या, आणि वर बसलेली आमच्याच शाळेतली पोरं. पोरं बाईंना ओळखून हात करायची. बाई काचेतून हात वर करायच्या. खाडे सरही करायचे.

एका एप्रिलात शाळा सकाळची होती आणि आम्ही भर दुपारी परत येत होतो. रस्त्याचं काम चालू असल्यानं गाडी खडीवरून पायी चालल्यासारखी चाललेली. अचानक बाईंनी ती एका बाभळीखाली घेतली आणि बंद केली. इंजिनाच्या गरमीचा काटा वर गेला होता. खाडे सर लगेच उतरले, बॉनेट उघडलं, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, हात काढा. तोंडावर वाफ येईल, अन मला अजून एक आजारी मानूस नको."

मग त्या पुन्हा आपल्या सीटवर बसल्या, मान मागं टेकवली आणि झोपल्या. खरोखर झोपल्या. आम्ही दोघं बाभळीच्या तेवढ्याशा सावलीत उभे. तेवढ्यात मोटरसायकलवरून जाणारा एक बाप्या थांबला, आत झोपलेल्या बाईंकडं बघून म्हणाला, "मॅडमसोबत कोनी मानूस न्हाई का?" खाडे सर म्हणाले, "आमी हाव की." त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि किक मारून गेला.

इंजिन निवल्यावर बाई उठल्या. बाटलीतलं पाणी बघितलं, ते होतं. गाडी चालू करून रेडिएटरमागचा पंखा बघितला, तो फिरत नव्हता. फ्यूज बदलून पाहिला तरी फिरेना. "आता?" मी विचारलं. बाईंनी काचा खाली केल्या आणि गाडीतला हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची गरमी तेवढीच आत ओढली जाते आणि काटा आटोक्यात राहतो, असं त्यांना रफिकभाईंनी सांगितलं होतं. त्या उन्हात, पायांवर गरम वाऱ्याचे भपकारे घेत आम्ही बीडपर्यंत आलो. खाडे सरांचा शर्ट अंगाला चिकटला होता. वाटेत ते एवढंच म्हणाले, "बाई, आपुन एसटीनं जाऊ शकलो असतो." बाई म्हणाल्या, "तुमी जाऊ शकला असता."

बीडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. गयाबाई निघायला अजून अवकाश होता.

रफिकभाईंकडं गाडी दिली की बाई तिथून हलायच्या नाहीत. एका पालथ्या क्रेटवर बसून पोरांचे पेपर तपासायच्या. "बाई, तुमी कशाला बसता धुळीत? जावा घरला, मी करतो ना," असं रफिकभाई म्हणायचे. "तुमी करताल हो. पन मधीच गिऱ्हाईक येईल अन तुमी त्याच्यात घुसाल." हे खरंच होतं, म्हणून रफिकभाई हसायचे. जुना प्लग, जुना फिल्टर, जे काही बदललं ते बाई हातात घेऊन बघायच्या. संशय म्हणून नाही. काय झिजलं आणि कसं झिजलं हे बघितल्यावर पुन्हा केव्हा बघायचं ते त्यांना कळायचं.

एकदा गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. रफिकभाईंनी खाली वाकून बघितलं आणि एक रबरी नळी काढून दाखवली. तिला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. "बाई, पेट्रोलमधी आता उसाचं अल्कोहोल मिसळायलेत. नव्या गाड्यायला चालतंय. ही जुनी हाय, हिचं रबर खातंय ते." रफिकभाईंचं म्हणणं कितपत खरं, मला माहीत नाही. बाई ती नळी बोटांनी वाकवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचीच पोरं गेलीत तो ऊस तोडायला." आणि नळी क्रेटशेजारी ठेवून पुन्हा पेपर तपासायला लागल्या.

बाईंच्या घरी आम्ही फारसे जायचो नाही. त्यांना उतरायचीच घाई असायची. एकदा पाऊस होता म्हणून त्यांनी आम्हाला चहाला आत बोलावलं. साहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. एके काळचा धिप्पाड माणूस, आता सदऱ्यात हरवल्यासारखा. बाईंना बघताच ते अस्वस्थ झाले. डाव्या हाताचं बोट हवेत गोल गोल फिरवायला लागले आणि तोंडानं "चिं, चिं" असा आवाज काढायला लागले. बाईंनी चप्पल काढता काढता पंख्याचं बटन वाढवलं. साहेबांनी मान हलवली, पुन्हा बोट फिरवलं. बाईंनी पंखा कमी केला. "रोज आल्या आल्या हेच," त्या आम्हाला म्हणाल्या. "गरम होतंय का गार लागतंय, काही समजत न्हाई. मग म्हनते चहा मागायलेत." त्यांनी चहा आणून बशीत ओतला. साहेबांनी तोंड फिरवलं. बाई बशी धरून तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग तो चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

तो पावसाळा बाईंना वाईट गेला. साहेबांना न्युमोनिया झाला, संभाजीनगरला हलवावं लागलं. बाई रजा टाकून तिथं राहिल्या आणि परत आल्या त्या अर्ध्या होऊन. रफिकभाईंनी उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं की इंजिनातला टायमिंगचा पट्टा आता बदलायला झाला, पावसाळ्याच्या आत बदलू. आठेक वर्षं झाली होती त्याला. बाईंनी "पुढच्या आठवड्यात" म्हटलं होतं. दवाखान्यातून आल्यावरही पुन्हा तेच म्हणाल्या. गाडी एक दिवस गॅरेजात ठेवायची म्हणजे एक दिवस एसटीनं जायचं, आणि गयाबाईचीही तब्येत तेव्हा बरी नव्हती. बाईंनी काही लांबणीवर टाकलेलं मी तेवढंच पाहिलं.

मग एक दिवस शाळेतून परत येताना, बीड अजून बरंच लांब असताना, चालती गाडी एकदम गप्प झाली. धक्का नाही, धूर नाही. फक्त आवाज गेला आणि चाकांची खरखर ऐकू यायला लागली. बाईंनी वेगात असतानाच ती कडेला घेतली आणि एकदा स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण नेहमीसारखं जोर लावून नाही. हलकं, रिकामं फिरलं, विहिरीत पाणी नसताना रहाट फिरावा तसं. बाईंनी किल्ली काढून घेतली.

"पुन्हा एकदा मारून बघा," खाडे सर म्हणाले.

"न्हाई. पट्टा तुटला. आता मारलं तर राहिलेलं पन मोडंल."

त्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या. रागावल्या नाहीत, स्वतःला दोष दिला नाही. मग त्यांनी गयाबाईला फोन लावला. मला दोन दिवस ताप हाय, आज मी लवकरच निघाले बाई, साहेबांना खुर्चीत बसवून निघाले, असं ती म्हणाली. शेजारी गावाला गेलेले. बाई खाली उतरल्या. मागून कांद्याच्या गोण्या भरलेला एक पिकअप येत होता, त्याला त्यांनी हात केला. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. एवढ्या वर्षांत ती किल्ली त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात मी पाहिली नव्हती. "रफिकभाईला फोन करा. ओढून न्यायला सांगा. गाडी न्यूट्रलला ठेवा." पिकअपच्या ड्रायव्हरशेजारी साडी सावरत त्या चढल्या आणि गेल्या.

घरी काय झालं ते त्यांनी आम्हाला दोन दिवसांनी सांगितलं. साहेब दाराजवळ फरशीवर पडले होते. कपाळाला टेंगूळ, कोपर सोललेलं. बाईंच्या गाडीचा आवाज रोज कोपऱ्यावरून यायचा आणि साहेब त्या वेळेला कान देऊन बसायचे. त्या दिवशी तो आला नाही. वाट बघून बघून ते उठायला गेले असावेत. बाईंनी रस्त्यावरच्या दोघांना बोलावून त्यांना उचललं. उचलताना साहेब बाईंचा दंड घट्ट धरून पुन्हा ते बोट फिरवत होते.

"मी म्हनलं, बाबा, आता पंखा राहू द्या," बाई म्हणाल्या. "लई चिडून म्हनले मी."

रविवारी आम्ही तिघं रफिकभाईंकडं गेलो. इंजिनाचं डोकं उतरवून ठेवलं होतं, आतल्या व्हॉल्व्हच्या दांड्या वाकल्या होत्या. रफिकभाई दमले होते. ते म्हणाले, "बाई, पट्टा म्हातारा झालता, पन तो आपनहून न्हाई तुटला. ही बघा." त्यांनी एक छोटी पुली बाईंच्या हातात दिली. पट्टा ताणून धरणारी. "हिचं बेरिंग गेलतं. जाम झाली अन पट्टा घेऊन गेली. महिनाभर तरी आवाज करत असंल ही. तुमाला ऐकू न्हाई आला का?"

"कसला आवाज?"

रफिकभाईंनी पुली बोटानं जोरात फिरवली. ती अडखळत फिरली, आणि तिच्यातून बारीक, किरटा आवाज आला. चिंऽ चिंऽ.

बाई क्रेटवर बसल्या. बराच वेळ त्या पुली फिरवत राहिल्या. रफिकभाईंना काहीच माहीत नव्हतं, ते आमच्याकडं बघायला लागले.

"ते पंख्याचं न्हवते सांगत," शेवटी बाई म्हणाल्या. आणि मग, कुणालाच उद्देशून नाही असं: "रोज गाडीचं ऐकत होते मी. ऐकते असं वाटत होतं. घरी गेल्यावर कान उघडे ठेवायची ताकदच राहत न्हाई हो."

ती पुली त्या घरी घेऊन गेल्या. साहेबांच्या डाव्या हातात दिली. साहेबांनी ती अंगठ्यानं फिरवली, बाईंकडं बघितलं आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसले. "लई दिवसांनी हसले," असं बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्या मात्र हसल्या नाहीत.

गाडी दुरुस्त व्हायला वेळ लागला. ती आल्यावर बाईंनी एक नवीन गोष्ट सुरू केली. दर रविवारी गयाबाईच्या मदतीनं साहेबांना पुढच्या सीटवर बसवायचं, सीटचा पट्टा लावायचा आणि बिंदुसरेच्या धरणापर्यंत जाऊन यायचं. साहेब डोळे मिटून बसायचे. कधी बोट वर करायचे, मग बाई गाडी बाजूला घ्यायच्या, बॉनेट उघडायच्या, आणि काही सापडेपर्यंत बघायच्या. कधी बेल्ट ढिला निघायचा, कधी नुसताच झाडाचा काटा अडकलेला असायचा, कधी काहीच नसायचं. सोमवारी आम्हाला त्या हे सांगायच्या. बाकी काही बदललं नाही. तेच डोळे, तीच घाई, सहाच्या आतलं तेच दार. थकवाही तोच. फक्त साहेबांबद्दल बोलताना त्या आता "आजारी मानूस" म्हणत नव्हत्या. "साहेब म्हनले" असं म्हणायच्या, जणू साहेब खरंच बोलले होते.

साहेब पुढच्या थंडीत गेले, झोपेतच. तेराव्यानंतर बाई शाळेत आल्या त्या गाडी चालवतच. फाटकापाशी बॉनेट उघडं होतं. पट्टी पुसून झाल्यावर त्यांनी पाण्याची बाटली बघितली की नाही, मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्या दिवशी परत येताना त्यांनी पहिल्यांदाच, कुठलंही कारण नसताना, रस्त्यात एका हॉटेलापाशी गाडी थांबवली आणि आम्हाला चहा पाजला. घड्याळ बघितलं नाही.

मग उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. वर्षानुवर्षं त्यांनी मागितली होती ती, बीडमधलीच शाळा, घरापासून चालत जाण्यासारखी. आदेश हातात घेऊन त्या स्टाफरूममध्ये बसल्या होत्या. खाडे सर म्हणाले, "बाई, उशिरा का हुईना, झालं एकदाचं." बाईंनी कागदाची घडी केली. "झालं की," त्या म्हणाल्या.

गाडी त्यांनी खाडे सरांनाच दिली. देताना कसली सूचना दिली नाही. खाडे सरांनीच विचारलं, "ऑइल वगैरे कधी कधी बघायचं?" तर म्हणाल्या, "तुमाला पोचायचं असंल तवा."

आता आम्ही दोघं त्याच गाडीनं जातो. खाडे सर बॉनेट उघडत नाहीत. गाडी थोडी थरथरते, एखादा प्लग गेला असावा.

मागच्या महिन्यात सुभाष रोडवर आम्ही गर्दीत अडकलो होतो. गाडी जागेवर चालू होती, एका सिलिंडरनं काम सोडल्यासारखी हिसके देत. तेवढ्यात समोरून बाई आल्या. हातात भाजीची पिशवी, केस बरेच पांढरे झालेले. आम्हाला बघून त्या खिडकीपाशी थांबल्या. तब्येतीचं, शाळेचं बोलणं झालं. बोलताना इंजिन तसंच अडखळत होतं आणि खाडे सरांचा चेहरा हळूहळू पडत चालला होता. बाईंना ऐकू येत नसेल असं होणं शक्य नव्हतं. शेवटी खाडे सर स्वतःच म्हणाले, "सर्व्हिसिंगला टाकायचीच हाय बाई, या आठवड्यात."

"बरं," बाई म्हणाल्या.

"बसा ना, घरी सोडतो."

बाईंनी गाडीच्या आत एकदा पाहिलं. पुढच्या सीटवर मी होतो, मागं डबे होते.

"नको. चालत जाते. आता मला कसली घाई न्हाई."

पुढची रिक्षा हलली, मागचा हॉर्न वाजवायला लागला, आम्हाला निघावं लागलं. मी मान वळवून बघितलं. बाई केळीच्या गाड्यापाशी उभ्या होत्या. एक फणी उचलून बघत होत्या, ठेवत होत्या, दुसरी उचलत होत्या. केळीवाला काहीतरी सांगत होता आणि त्या मान थोडी वाकवून, अगदी निवांतपणे, त्याचं ऐकत होत्या.